भेटीच्या वेळेतलं ब्रह्मांड

“माझ्यासाठी काही?”

“नाही मास्तर.”

“बरं.” मग घसा खाकरल्याचा आवाज. “तर बाई, काल आपण कुठे होतो?”

“काल आपण विवराच्या काठावर होतो. तुम्ही मला आत ढकलणार, तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या.”

“हां! चला मग, आज ढकलतो.”

रोज हे असंच सुरू व्हायचं. मी हॉस्पिटलच्या तळघरात, टेलिफोनच्या बोर्डासमोर. मास्तर तिसऱ्या मजल्यावर, सव्वीस नंबरच्या खोलीत. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं आणि त्यांनी मला. पण त्यांना सकाळी चहा किती साखरेचा मिळाला, कुठल्या सिस्टरचा हात हलका आहे आणि विश्व कुठून आलं असावं, एवढं सगळं मला माहीत होतं.

खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस अजून यायचे होते. हॉस्पिटलात येणारा आणि हॉस्पिटलातून जाणारा एकूण एक फोन माझ्या हाताखालून जायचा. बोर्डावर दिवा लागला की आपली कळ वर करायची, कोण पाहिजे विचारायचं, वायर त्या खोलीच्या भोकात खोचायची आणि पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आलं की कळ खाली. कळ खाली केली की आपल्याला काही ऐकू येत नाही. फक्त दिवा दिसत राहतो. बोलणं संपलं की तो विझतो. ऑपरेटरला तोंड असावं, कान नसावेत, असं आमच्या जुन्या सुपरवायझरबाई म्हणायच्या. त्यांचा दुसरा नियम म्हणजे बोर्ड रिकामा सोडायचा नाही. बदलीची बाई खुर्चीत बसल्याशिवाय आपण उठायचं नाही, मग आभाळ का कोसळेना.

दोन्ही नियम मी आयुष्यभर पाळले. कौतुक म्हणून सांगत नाही. दुसरं करण्यासारखं होतं काय? नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. लोकांना वाटायचं, काय बाई मजा, दिवसभर गप्पाच गप्पा! कप्पाळ! दिवसभर लोक माझ्यातून बोलायचे, माझ्याशी कोणी बोलायचं नाही. पोर झाल्याचा आनंद माझ्यातून जायचा, माणूस गेल्याचं रडणं माझ्यातून जायचं, आणि माझ्या वाट्याला काय, तर “लवकर लावा हो लाइन!”

दुपारी भेटीची वेळ झाली की मात्र बोर्ड गप्प व्हायचा. नातेवाईक जातीने वर आलेले असत, मग फोन करतंय कोण? ते दोन तास मला भिंतीकडे बघत काढावे लागत. आणि त्याच दोन तासांत सव्वीस नंबरचा दिवा लागायचा. हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. सगळ्यांकडे माणसं आलेली असताना ज्याच्याकडे कोणी आलेलं नाही, असा पेशंट फोन उचलून ऑपरेटरला विचारणार, माझ्यासाठी काही? काही नाही म्हटल्यावर त्याने फोन ठेवायचा कसा? लाज वाटते माणसाला. म्हणून मग मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, तुम्हाला कृष्णविवर ठाऊक आहे?”

मी म्हटलं, “ठाऊक नसायला काय झालं? आमची रेकॉर्ड रूम. कागद आत गेला की ब्रह्मदेव आला तरी बाहेर येत नाही.”

मास्तर इतके हसले की त्यांना खोकला आला. मी घाबरून सिस्टरना बोलवू का विचारलं. “नको, नको,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, पण असं उदाहरण नाही सुचलं मला.”

तिथून आमचं जमलं.

त्यांचं एकच वेड होतं. आपलं हे सगळं जग, सूर्य, तारे, तुम्ही, मी, हॉस्पिटल, हे एखाद्या भल्या मोठ्या कृष्णविवराच्या आत असेल का? मला आधी वाटलं, औषधांचा परिणाम. पण माणूस डोक्याने लख्ख होता.

“असं धरा,” ते म्हणाले, “एखादं पोर तुमच्या रेकॉर्ड रूममध्येच जन्मलं, तिथेच वाढलं. दार कधी उघडलंच नाही. त्याला ती खोली वाटेल का?”

“खोली कशाला? त्याला वाटेल हेच जग.”

“बरोबर. आपण ते पोर नसू कशावरून?”

“अहो पण कृष्णविवरात काळोख ना? नावच तसं आहे. मग आपल्याला दिसतंय कसं?”

“काळोख बाहेरून बघणाऱ्याला, बाई. उजेड आत जातो, बाहेर येत नाही, म्हणून बाहेरच्याला ते काळं दिसतं. आत काय आहे, ते त्याला काय माहीत? आत लख्ख उजेड असेल. तारे असतील. शाळा सुटत असेल.”

हे मला आवडलं. का आवडलं, ते तेव्हा कळलं नाही, पण आवडलं. मी विचारलं, “पण याला काही पुरावा?”

“पुरावा कसला, एक गंमत आहे. आपल्याला जेवढं विश्व दिसतं, त्यातलं सगळं एका तराजूत घातलं आणि गणित केलं, की एवढ्या वजनाचं विवर केवढं असेल, तर उत्तर जवळपास आपल्या दिसणाऱ्या विश्वाएवढंच येतं.”

“अगं बाई!”

“तसं हुरळून जाऊ नका. योगायोगही असेल. भले भले लोक म्हणतात, मास्तर, सोडा हा नाद. आणि बाहेर जाऊन बघून तर येता येत नाही. बाहेर जाता आलं तर ते विवर कसलं?”

“म्हणजे कशात काय नि फाटक्यात पाय.”

“अगदी!” पुन्हा हसू, पुन्हा खोकला.

घरी जाताना मी बसमध्ये बसल्या बसल्या लोकांकडे बघायची. एक बाई पेंगत होती, एक माणूस केळं खात होता. म्हटलं, यांना पत्ताच नाही आपण कुठे आहोत ते. मला एकटीलाच हसू यायचं. खूप दिवसांनी घरी जाऊन कोणाला तरी काही सांगावं असं वाटलं. घरात कोणी नव्हतं, ते सोडा.

एक दिवस मास्तरांचा सूर निराळा लागला. ऑपरेशनची तारीख ठरली होती. हृदयाचं ऑपरेशन, वय झालेलं. त्याविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. म्हणाले, “बाई, विवरात पडणाऱ्या माणसाचं एक नवल असतं. हद्द ओलांडली ते त्याला स्वतःला कळतसुद्धा नाही. दचका नाही, उंबरठा नाही. विवर पुरेसं मोठं असलं की तो आपला चालतोच आहे.”

“आणि बाहेरून बघणाऱ्याला?”

“त्याला वाटतं, हा काठावर थबकलाय. हळू होत होत थांबलाय. आणि दिसेनासा होईस्तोवर तसाच फिका होत जातो. म्हणजे ताटातूट बाहेरच्याला दिसते. जाणाऱ्याला नाही. न्याय नाही हा, नाही का?”

मी म्हटलं, “तुम्ही उगाच काहीबाही बोलू नका. ऑपरेशन नीट होणार आहे.”

“मी विज्ञान सांगतोय तुम्हाला.”

“तुमच्या या विज्ञानाला मी ओळखते. चांगलं ओळखते.”

मग मास्तरांनी एक बाहेरगावचा नंबर सांगितला. हळू, एकेक आकडा. मी फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागली, न लागली, तोच ते म्हणाले, “राहू द्या बाई. तोडा.”

“कोणाचा नंबर, मास्तर?”

“मुलीचा,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

ऑपरेटरच्या डोक्यात एकदा नंबर शिरला की जात नाही. त्या रात्री मला तो नंबर दिसत राहिला. एकच गोष्ट होती: ऑपरेशनच्या आधी त्या मुलीचा फोन आला पाहिजे. मास्तर तो मागणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी दुसरं कोणी मागणार नाही. मी केला तर? ऑपरेटरने आपण होऊन पेशंटच्या घरी फोन करणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. शिवाय बापलेकीच्या भानगडीत पडून हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलंय?

आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. मुलीचा फोन आला, मुलगी आली, तर भेटीच्या वेळेत मास्तरांच्या खोलीत माणूस असणार. मग तळघरातल्या बाईला विश्वाचं कोडं घालायची त्यांना काय गरज? हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याचं मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय याचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड जरा निवांत झाला तशी मी तो नंबर फिरवला.

“कोण बोलतंय?” आवाज बाईमाणसाचा, कामाच्या घाईतला.

मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. वडील दाखल आहेत, ऑपरेशन आहे, कधी आहे, सगळं सांगितलं.

“त्यांनी सांगितलं का तुम्हाला फोन करायला?”

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. “नाही ताई,” मी म्हटलं. “ते काही सांगत नाहीत. रोज विचारतात, माझ्यासाठी फोन आला का. नाही म्हटलं की मला कृष्णविवराचं सांगत बसतात.”

ती हसली. पण ते हसणं चांगलं नव्हतं. “अजून तेच का? माझी आई आजारी होती ना, तेव्हा हे शाळेतून यायचे आणि तिच्या उशाशी बसून हेच सांगायचे. एकदासुद्धा विचारलं नाही हो, दुखतंय का म्हणून. ती जायच्या आदल्या दिवशीही आपले तारे आणि ग्रह. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला ब्रह्मांडाची काळजी आहे, माझ्या आईची नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.”

मला तिचं म्हणणं पटलं. अगदी पटलं. पण मी मास्तरांचं ऐकत आले होते, ते तिने ऐकलं नव्हतं. “ताई,” मी म्हटलं, “मी काही शिकलेली नाही. पण मला वाटतं, त्यांना जेव्हा फार भीती वाटते ना, तेव्हा ते हे सांगतात. परवापासून थांबतच नाहीयेत.”

तिने “बघते,” एवढंच म्हणून फोन ठेवला.

‘बघते’ म्हणजे काय असतं, ते मी इतकी वर्षं ऐकत आले होते. त्या दुपारी मास्तरांनी विचारलं, “माझ्यासाठी काही?” आणि मी म्हटलं, “नाही मास्तर.” त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी ते विश्वाविषयी काही बोलले नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, “मास्तर, आपण कुठे होतो?” ते म्हणाले, “तुम्हीच सांगा आज काहीतरी.” मी माझ्या खोलीवरच्या मांजराचं सांगितलं. ते माझं नव्हे, शेजाऱ्यांचं, पण दूध माझ्याकडे प्यायचं आणि झोपायला तिकडे. मास्तर म्हणाले, “हुशार आहे.”

ऑपरेशनच्या सकाळी बोर्डाला उसंत नव्हती. एकेक दिवा विझवत होते, तोवर बाहेरगावची लाइन लागली. “सव्वीस नंबर द्या,” ती म्हणाली. मी आवाज ओळखला. तिने माझा ओळखला असणार, पण दोघींपैकी कोणी तसं दाखवलं नाही.

सव्वीस नंबरची घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. मी तिला “धरा हं, ठेवू नका,” म्हटलं आणि सिस्टरांच्या टेबलावरचा फोन लावला.

“सव्वीसचे आत्ताच काढले खोलीतून,” सिस्टर म्हणाल्या. “स्ट्रेचर लिफ्टपाशी उभं आहे.”

“सिस्टर, थांबवा त्यांना! मुलीचा फोन आहे.”

“अहो, खाली डॉक्टर वाट बघताहेत.”

“वायर लांब आहे तुमच्या फोनची, मला ठाऊक आहे. रिसीव्हर त्यांच्या कानाला लावा. सिस्टर, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय का?”

सिस्टर काहीतरी पुटपुटल्या. मग वॉर्डबॉयला हाक मारल्याचं ऐकू आलं, चाकांचा आवाज, टेबल सरकल्याचा आवाज. मी मुलीची लाइन तिकडे जोडली. आणि मग अगदी जवळ, झोपेच्या गोळीने जड झालेला तो घसा खाकरल्याचा आवाज.

“हॅलो?”

“बाबा,” ती म्हणाली.

माझा हात कळीवर होता. आता खाली करायची. आयुष्यभर विचार न करता केली ती. त्या वेळी बोटं ऐकेनात. मला ऐकायचं होतं. तो फोन मी आणला होता, जीव माझा टांगणीला लागला होता, आणि आत काय होणार ते मला मात्र कळणार नव्हतं. मास्तर तिला काय म्हणतील? दुखलं का विचारतील? की तिलाही तारे आणि ग्रह सांगतील?

मी कळ खाली केली.

दिवा लागलेला होता. आजूबाजूला बाकीचे दिवे लुकलुकायला लागले, लोक खोळंबले. मी ते घेत होते, “कोण पाहिजे? धरा, देते” म्हणत होते आणि डोळा त्या एका दिव्यावर. त्याच्या आत एक बाप होता आणि त्याची लेक होती. मला बाहेरून नुसता तेवढा दिवा दिसत होता. मी देवाला म्हटलं, काहीही बोलू देत, पण इतक्यात विझू देऊ नको. डॉक्टर थांबले असतील, सिस्टर डाफरत असतील. दिवा चालूच होता. मग विझला. मी पदराने तोंड पुसलं आणि पुढचा फोन घेतला.

ऑपरेशन झालं, मास्तर वाचले. हे मला वॉर्डबॉयने सांगितलं. मुलगी त्याच संध्याकाळी आली आणि मुक्कामालाच राहिली, हेही त्यानेच सांगितलं. भेटीच्या वेळेला बोर्ड गप्प व्हायचा. सव्वीस नंबरचा दिवा लागायचा नाही. व्हायचं तेच झालं होतं, आणि मलाच ते हवं होतं. पण मी मुद्दाम विणकाम घेऊन बसायला लागले आणि स्वेटरची बाही तीनदा उसवली. एकदा आपण होऊन लाइन लावावी असं मनात आलं. काय म्हणणार? तुमच्यासाठी काही आहे का, म्हणून विचारणार?

असेच दिवस गेले. एका दुपारी तळघराच्या दारात एक बाई उभी राहिली. हातात पिशव्या, केस विस्कटलेले, डोळे जागरणाचे.

“तुम्हीच का त्या?”

“हो ताई.” आवाजावरून ओळखलं.

तिने पुढे येऊन माझा हात धरला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, “घरी नेतेय बाबांना. माझ्याकडेच. त्यांना जिना उतरवत नाही, गाडीत बसलेत. वर येता का हो जरा? त्यांना तुम्हाला बघायचंय.”

मी बोर्डाकडे बघितलं. बदली अजून यायची होती. पाच-सहा दिवे लागलेले.

“मला नाही उठता येणार ताई. बदली आल्याशिवाय नाही.”

“एक मिनिट फक्त.”

“नाही हो.” मला स्वतःचाच आवाज नको तितका कोरडा वाटला. “आणि तुम्ही थांबू नका. बदलीचा काही भरवसा नाही. लांब जायचंय तुम्हाला.”

“आभाळ पण भरून आलंय,” ती म्हणाली. पण हलेना. “त्यांना काय सांगू?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांच्यामुळे मला घरी जाऊन काही सांगावंसं वाटायचं, हे होतं. मांजर आता माझ्याकडेच झोपतं, हे होतं. पण एक दिवा जोरात लुकलुकायला लागला आणि मी हेडफोन सारखा केला.

“कामात आहे म्हणावं,” मी म्हटलं.

ती गेली. मी तो फोन घेतला, मग दुसरा.

बदलीची बाई उशिराच आली. ओलीचिंब, छत्रीचं पाणी दारात निथळत. “काय पाऊस हो, एक पाऊल टाकवेना! बसून राहिले बसस्टॉपवर.” तिने बोर्ड घेतला. तिने थर्मासमधला चहा काढला, मलाही अर्धा दिला. मी सावकाश प्यायले. हेडफोन पुसून ठेवला, विणकाम आवरलं, तिच्या सासूचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. मला कुठे घाई होती? घरी कोण वाट बघत बसलं होतं?

वर आले तेव्हा पाऊस थांबला होता. सगळं अंगण ओलं, पागोळ्या गळत होत्या. फाटकापाशी वॉचमन खुर्ची पुसत होता.

“काय बाई, आत्ता येताय?” तो म्हणाला. “ते म्हातारे बघून बघून गेले.”

“कोण म्हातारे?”

“सव्वीस नंबरचे. त्यांची मुलगी म्हणत होती चला, चला, ड्रायव्हर वैतागला, पण हे ऐकायला तयार नाहीत. काच खाली करून दाराकडे बघत बसले होते. मी म्हटलं, खाली फोन लावून देऊ का? तर म्हणाले, नको, कामात आहेत त्या. येतील सुटल्यावर.” त्याने फडकं पिळलं. “आत्ता गेली बघा गाडी. पाऊस उघडल्यावर.”

मी पुढे गेले. पायरीच्या समोर, सगळीकडे पाणीच पाणी असताना, मधोमध गाडीएवढा एक कोरडा चौकोन होता. कडेचं पाणी हळूहळू आत सरकत होतं. मी वॉचमनला म्हटलं, जरा उभी राहते इथे. आणि तो चौकोन पुरता भिजेपर्यंत मी त्या कोरड्या जागेत उभी राहिले.